भिंतीपलीकडची बाग: दाट वस्तीत हिरवी जागा सगळ्यांच्या वाट्याला कशी येईल?

पायवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज मांडतेय.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक चांगली ऐसपैस सार्वजनिक बाग दिसते. मधे एक गल्ली आणि बागेची दीड पुरुष उंच भिंत, बस. सरळ अंतर ६० मीटर असेल नसेल. पण बागेचं फाटक पलीकडच्या हमरस्त्यावर आहे. आत जायचं तर अख्ख्या वस्तीला वळसा घालायचा, दोन मोठे रस्ते ओलांडायचे. माझा मुलगा आणि त्याचे मित्र गल्लीत खेळतात. चेंडू भिंतीपलीकडे गेला की एकजण आणायला पळतो. एकदा मी घड्याळ लावून बघितलं. चेंडूला पलीकडे जायला दोन सेकंद, मुलाला जाऊन यायला २१ मिनिटं. तोवर बाकीची पोरं त्याच भिंतीला टेकून बसलेली.

आईचं वय ७४. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय. ती बागेच्या फाटकापर्यंत पोचते तिथंच तिचं चालणं संपतं, आणि परत यायचं उरतंच. वाटेत टेकायला एक कट्टा नाही. गेले काही महिने ती घरातल्या घरातच फेऱ्या मारते, पलंगापासून दारापर्यंत.

आमच्या भागात नवी बाग करायला जागाच नाही असं सगळे सांगतात आणि ते खोटंही नाही. म्हणून विचारते: जिथं घराला घर चिकटलंय, तिथं हिरव्या जागेचा वाटा सगळ्यांना बरोबरीनं मिळावा यासाठी नेमकं काय करता येतं? कुणाच्या भागात काही झालंय का? फसलेलं असेल तर तेही सांगा.

सावली

वाचून घशाशी आलं. पलंगापासून दारापर्यंत! आमच्याकडे बाग जवळ आहे पण दुपारी ११ ते ४ कुलूप. आमच्या मागच्या चाळवजा वस्तीत सगळी पत्र्याची छपरं. जेव्हा घरात बसवत नाही, नेमकं तेव्हाच सावलीला कुलूप असतं. बायका तान्ह्या मुलांना घेऊन बागेच्या भिंतीच्या बाहेरच्या सावलीत बसलेल्या मी रोज बघते.

गणिती

चांगला धागा. नगररचनेत काम करतो, म्हणून थोडं मापांविषयी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं सुचवलेलं माप असं आहे: प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत निदान अर्धा ते एक हेक्टर हिरवी जागा हवी. म्हणजे साधारण पाच मिनिटांची चाल. पण हे अंतर बहुतेक वेळा नकाशावर सरळ रेषेत मोजलं जातं. बागेभोवती ३०० मीटरचा पट्टा काढायचा, त्यात येणारी सगळी घरं 'सोय झाली' म्हणून रंगवून टाकायची. पायवाट, तुमचं घर कुठल्याही अहवालात सुखी घरांत धरलेलं असणार. ६० मीटर!

याउलट पायी रस्त्यानं मोजलं, आणि बागेच्या कडेऐवजी फाटकापासून मोजलं, तर चित्र पार बदलतं. हे मी स्वतः करून बघितलंय. नकाशावर हिरव्या पट्ट्यात असलेल्या गल्ल्यामागून गल्ल्या बाहेर पडतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं: भिंत, नाला, रेल्वेमार्ग किंवा ओलांडता न येणारा रस्ता.

तुमची अडचण जागेची नाही, दाराची आहे. भिंतीत एक दुसरं फाटक करून घ्या. एक चौरस मीटरही नवी जमीन लागत नाही.

मैदानी

गणितीसाहेब, हे पायवाटताईंपुरतं ठीक. ज्यांच्या खिडकीतून बाग दिसतच नाही त्यांचं काय? आमच्या वस्तीत दोन किलोमीटरवर झाड म्हणून जे आहे ते दवाखान्याच्या आवारातलं एक गुलमोहराचं. नवी फाटकं करून काय होणार? जमीन मिळवायचा प्रश्न बाजूला टाकू नका. जागा नाही म्हणतात, मग मोठ्या इमारतीला आणि गाड्या लावायला कशी निघते?

कोपरा

@मैदानी, अगदी. पण जागा म्हणजे एकरभर पाहिजे ही समजूत आधी काढून टाकायला हवी.

न्यूयॉर्कच्या भर गजबजलेल्या भागात पेली पार्क नावाची बाग आहे, १९६७ साली उघडलेली. आकार जेमतेम ३९० चौरस मीटर. तीन बाजूंनी इमारती, मागच्या भिंतीवरून पाणी कोसळतं, त्या आवाजात रहदारी ऐकूच येत नाही. डोक्यावर झाडांचं विरळ छत आणि खाली सुट्या, उचलून हलवता येणाऱ्या खुर्च्या. माणसं खुर्ची उचलून हवी तशी वळवून बसतात. मालकी खासगी न्यासाची, पण दार सगळ्यांना उघडं.

त्याहून मला आवडतं ते ॲमस्टरडॅमचं काम. आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकारानं १९४७ पासून पुढची तीस वर्षं तिथं ७०० हून जास्त खेळाच्या जागा केल्या. युद्धात पडलेल्या घरांच्या रिकाम्या जागा, दोन रस्त्यांमधले त्रिकोण, चौकातले कोपरे. कुंपण बहुतेक ठिकाणी नाहीच. वाळूचा हौद, उड्या मारायला गोल दगडी ठोकळे, लोंबकळायला वाकवलेले लोखंडी बार, एक-दोन झाडं. इतकंच. रहिवाशांनी पालिकेला पत्र लिहायचं, आमच्या गल्लीत अमुक जागा रिकामी आहे, आणि पालिका बघायला यायची. ७०० जागा एका आराखड्यातून आल्या नाहीत, एकेका गल्लीच्या मागणीतून आल्या.

गुलबक्षी

कोपरा, काय छान माहिती! आमच्याकडे असे त्रिकोण खंडीभर आहेत. बहुतेकांत भंगार गाड्या उभ्या.

टिकली

सगळे अंतर आणि आकार बोलताय, पण आत गेल्यावर काय? माझी मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत बागेत उड्या मारत जायची. आता येते म्हणत नाही. मोकळ्या भागात मोठी मुलं क्रिकेट खेळतात, कडेच्या बाकांवर पुरुष बसलेले. तिला उभं राहायलाही कोपरा नाही. आणि स्वच्छतागृहाला कायम कुलूप, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. दोन तास बागेत काढायचे तर बाईमाणसानं काय करावं? आम्ही घरून निघताना पाणी पिणं टाळतो, हे पुरुष सभासदांच्या लक्षातही येत नसेल.

व्हिएन्नात हेच झालं होतं. १९९० च्या दशकात तिथं पाहणी केली तेव्हा दिसलं की नऊ-दहा वर्षांच्या पुढं मुली बागांतून दिसेनाशा होतात, मुलगे मात्र राहतात. १९९९ मध्ये दोन बागा त्यांनी मुद्दाम नव्यानं रचल्या. मधलं एकच मोठं मैदान मोडून झाडाझुडपांनी लहान लहान भाग पाडले. जाळीच्या बंदिस्त खेळकोंडवाड्यांना जास्त आणि रुंद तोंडं केली, म्हणजे आत शिरताना कुणी दारात उभं राहून अडवू शकत नाही. व्हॉलीबॉल, बॅडमिंटनसाठी जागा दिली. मुली परत येऊ लागल्या. मुलग्यांना कुणी हाकललं नाही, फक्त सगळी जागा एकाच गटाला व्यापता येणार नाही अशी मांडणी केली.

मैदानी

टिकलीताई, स्वच्छतागृहाचं खरंच लक्षात आलं नव्हतं. पण मैदान मोडायला माझा विरोध आहे. मोठ्या मुलांना खेळायला दुसरीकडे कुठं जागा आहे? त्यांनाही जायचं कुठं हा प्रश्नच आहे. आमच्याकडे पोरं रात्री दिव्याच्या खांबाखाली रस्त्यावर खेळतात.

टिकली

मैदान मोडा असं नाही म्हणत. पण बागेचा पाऊण भाग आणि दिवसाची सगळी संध्याकाळ एकाच वयाच्या मुलांकडे, ही वाटणी कुणी ठरवली? कुणीच नाही. जो जोरात ओरडेल त्याची जागा. निदान आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलींच्या संघासाठी राखल्या तरी चालेल. माझ्या मुलीला क्रिकेट आवडतं हो, बॅट घरात पडून आहे.

मैदानी

हे पटलं. दोन संध्याकाळींना माझं अनुमोदन.

चाफेकळी

मी म्हणते चेंडूलाच पालिकेत निवेदन घेऊन पाठवा. भिंत ओलांडायचा सगळ्यात जास्त अनुभव त्यालाच आहे :)

पायवाट

चाफेकळी, मुलाला वाचून दाखवलं, लोळून हसला. सही करायला तयार आहे म्हणतो.

माळीकाका

उद्यान खात्यात २६ वर्षं काढून निवृत्त झालो. दुसरी बाजूही ऐका.

दुपारी बाग बंद ठेवतात ती कुणाला छळायला नाही. सकाळची पाळी संपते, संध्याकाळची चारला येते. मधल्या वेळात एक माणूस असतो. तो पाइप ओढणार, पालापाचोळा गोळा करणार, की फाटकावर बसणार? मी असताना एकदा उन्हाळ्यात दुपारी बाग उघडी ठेवून बघितली. पहिल्याच आठवड्यात पंपाची तोटी गेली. वरून विचारणा झाली ती मला. लगेच कुलूप लागलं. फाटकाचंही तसंच. फाटक म्हणजे माणूस. दोन फाटकं म्हणजे दोन माणसं, आणि वाढीव माणसाला मंजुरी नाही. खालच्या माणसाला किल्ली जपायची असते, कारण काही गेलं तर जाब त्याला विचारतात. दुपारभर बाहेर उन्हात बसलेल्या बाईसाठी जाब कुणीच कुणाला विचारत नाही.

सावलीताई, तुम्ही म्हणता त्या बायका मीही बघितल्यात. माझ्याकडे किल्ली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सावली

काका, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. राग तुमच्यावर नाहीच. मला वाटतं अख्खी बाग उघडी ठेवायची गरजही नाही. फाटकाजवळचा झाडांखालचा पट्टा, पाण्याचा नळ आणि स्वच्छतागृह, एवढंच दुपारी उघडं ठेवलं, पंप आणि रोपं कुंपणाच्या आत ठेवली, तर?

माळीकाका

हे होऊ शकतं. आतल्या बाजूनं कमरेइतकं कुंपण आणि एक कडी. एका दिवसाचं काम.

रानवाट

मला वाटतं आपण बागेतच अडकलोय. आमच्या गटानं एका पडीक तुकड्यावर मियावाकी पद्धतीनं घनवन लावलं. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (१९२८–२०२१) यांची पद्धत: माती नीट तयार करायची, स्थानिक जातींची रोपं अगदी दाटीनं लावायची, पहिली दोन-तीन वर्षं जपायची, मग सोडून द्यायचं. तीन वर्षांत डोक्यावर गेलंय. पक्षी यायला लागलेत. दाट वस्तीला यापेक्षा चांगला उपाय नाही.

कोपरा

रानवाट, घनवनाला कुंपण आहे का?

रानवाट

आहे, नाहीतर जनावरं रोपं खातात आणि कचरा पडतो.

कोपरा

मग वस्तीतल्या आजींना त्यात बसता येतं?

रानवाट

आत बसता येत नाही, खरंय. ते त्यासाठी नसतंच, इतकं दाट असतं. पण हवा, गारवा, पाखरं यांचा फायदा मिळतोच ना? बघायला मिळणं हेही काही कमी नाही. रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते लवकर घरी गेले, त्यांना जोरकस वेदनाशामकंही कमी लागली. ज्यांच्या खिडकीतून विटांची भिंत दिसत होती त्यांना जास्त दिवस राहावं लागलं.

गणिती

दोघांचंही बरोबर आहे, आणि हा फरक एका सोप्या सूत्रात बसतो. नेदरलंड्सचे वनतज्ज्ञ सेसिल कोनायनेन्डाइक यांनी २०२१ मध्ये ३-३०-३०० असा नियम मांडला. घरातून निदान ३ झाडं दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. दिसणं, सावली आणि जाता येणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीनं दुसरीची भरपाई होत नाही. पायवाट यांच्याकडे पहिली आहे, तिसरी नाही. मैदानी यांच्याकडे तिन्ही नाहीत. घनवनानं पहिल्या दोन मिळतात. घनवनाच्या कडेनं चार बाक आणि एक पायवाट ठेवली तर तिसरीचाही थोडा भाग येईल.

रानवाट

बाकांचं मनावर घेतो. कडेला दोन मीटरचा पट्टा आहे, तिथं आत्ता कुंपणाचं उरलेलं सामान पडलंय. हलवतो.

पिंपळपान

बराच वेळ लिहू की नको करत होतो.

आम्ही दहा वर्षं एका नाल्याकाठच्या भाड्याच्या घरात राहिलो. घाण वास, डास, पण शाळा जवळ आणि भाडं परवडणारं. मग नाला साफ झाला, काठानं फरशी घातली, झाडं लावली, दिवे लावले. पहिल्या वर्षी संध्याकाळी आम्ही सगळे तिथं जाऊन बसायचो. माझी धाकटी तिथंच सायकल शिकली. दुसऱ्या वर्षी घरमालकानं भाडं वाढवलं, तिसऱ्या वर्षी घर रिकामं करायला सांगितलं. आमच्या ओळीतली सात घरं गेली. झाडं आता मोठी झाली असतील.

हे आमच्यापुरतं नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क सगळे कौतुकानं सांगतात, पण त्या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबं, त्यांतल्या कित्येकांची स्वतःच्या मालकीची घरं, चर्च, शाळा. १८५७ पर्यंत सगळ्यांना उठवलं. त्याच शहरात जुन्या रेल्वेमार्गावर केलेलं हाय लाइन २००९ मध्ये उघडलं, आजूबाजूच्या घरांच्या किमती आभाळाला भिडल्या. शेजारच्या सरकारी घरांत राहणाऱ्यांना त्याचा हवा तसा उपयोग झाला नाही, हे त्याच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट हॅमंड यांनीच पुढं मान्य केलं.

हिरवी जागा नको असं मी कधीच म्हणणार नाही. पण ती येण्याआधी तिथल्या भाडेकरूंना लेखी काही संरक्षण मिळायला हवं. झाड लावायच्या आधी.

गुलबक्षी

पिंपळपानदादा, काय बोलावं सुचत नाही. धाकटी आता कुठं खेळते?

पिंपळपान

जिन्यात. नवी जागा शहराच्या टोकाला आहे, तिथं अजून माती दिसते पण सगळी बांधकामाची.

कोपरा

यावर अमेरिकेतल्या अभ्यासकांनी एक विचार मांडलाय: 'पुरेसं हिरवं'. डोळे दिपवणारी मोठी बाग करण्याऐवजी वस्तीला रोज लागतं तेवढंच, तिथल्या लोकांना विचारून करायचं. विखुरलेल्या लहान जागा केल्या तर एकाच ठिकाणी भाव भडकत नाहीत. पिंपळपान यांनी लिहिलेलं भाडेकरूंचं संरक्षण मात्र त्यानं आपोआप मिळत नाही, ते वेगळंच मागावं लागेल.

लहान कामाचाही परिणाम होतो. फिलाडेल्फियात ५४१ ओसाड भूखंड घेऊन प्रयोग केला, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. काही भूखंडांवर कचरा काढून हिरवळ, थोडी झाडं आणि आत जायला वाट असलेलं बुटकं लाकडी कुंपण केलं. काहींचा फक्त कचरा उचलला, काही तसेच ठेवले. हिरवळ केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांत उदास वाटण्याचं प्रमाण ४० टक्क्यांहून जास्त कमी झालं. नुसता कचरा उचललेल्या ठिकाणी तसा ठोस फरक दिसला नाही. म्हणजे 'साफसफाई केली की झालं' म्हणणाऱ्यांना हे सांगता येईल.

सावली

उष्णतेचंही सांगते. अमेरिकेत १९३० च्या दशकात गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना नकाशावर लाल रंग देऊन तिथं घरकर्ज नाकारायचे. २०२० मध्ये १०८ शहरांतल्या त्या जुन्या नकाशांवर आजचं तापमान मांडून बघितलं. ९४ टक्के शहरांत लाल वस्त्या आजही जास्त तापतात, सरासरी २.६ अंशांनी. झाडं कमी, डांबर जास्त. नकाशे रद्द होऊन कितीतरी दशकं झाली तरी सावली तिथं पोचलेली नाही. म्हणून 'सगळीकडे सारखी झाडं लावू' याला मी न्याय म्हणत नाही. जिथं सगळ्यात कमी आहेत तिथून सुरुवात व्हायला हवी.

मैदानी

सावलीताईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि जागेचं म्हणाल तर शाळा! शाळेचं पटांगण दुपारनंतर आणि सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं. पॅरिसमध्ये शाळांची डांबरी पटांगणं उकरून माती, झाडं, पाणी झिरपेल अशी जमीन करताहेत आणि त्यांतली बरीचशी सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांना उघडी ठेवतात. बार्सिलोनात नऊ-नऊ चौकोनांचा गट करून आतल्या रस्त्यांवरची पुढे निघून जाणारी वाहनं बंद केली. २०१६ मध्ये पोब्लेनोऊ भागात सुरुवात झाली तेव्हा चौकात नुसत्या कुंड्या आणि टेबलं मांडून ठेवली होती, झाडं नंतर. रस्ता हीच सगळ्यात मोठी मोकळी जागा आहे, तिच्यावर गाड्या उभ्या आहेत एवढंच.

निवांत

मूळ प्रश्नाकडे येते. माझं मत कडू लागेल. आमच्या शांत गल्लीत बागेचं मागचं फाटक उघडलं, आणि दोन महिन्यांत गल्लीचा वाहनतळ झाला. सकाळी पाचपासून गाड्या, हाका, दारापुढे लावलेल्या दुचाकी. माझ्या सासऱ्यांना रात्री दवाखान्यात न्यायचं होतं, रुग्णवाहिका आत येऊ शकली नाही, खुर्चीवर बसवून कोपऱ्यापर्यंत नेलं. बाग सगळ्यांची, मान्य. पण फाटकाचा सगळा त्रास एकाच गल्लीनं सोसायचा का?

पायवाट

निवांतताई, हे मला माहीत नव्हतं. मी फक्त आत जाणाऱ्यांचा विचार करत होते. सासऱ्यांचं वाचून फार वाईट वाटलं.

गणिती

निवांत यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मोठ्या बागेला नवं फाटक एकच दिलं की सगळा लोंढा तिथं येतो. चार बाजूंना चार लहान फाटकं दिली तर प्रत्येक गल्लीतली माणसं आपापल्या दारानं चालत येतात, गाडी काढायचं कारणच उरत नाही. आणि लहान फाटकाच्या गल्लीच्या तोंडाशी लोखंडी खांब. रुग्णवाहिकेसाठी मधला खांब काढता येणारा.

पायवाट

बारा दिवसांनी परत येतेय. तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं छापून घेतलं आणि वस्तीतल्या सहा घरांत वाचून दाखवलं.

गणितींचं ऐकून मोजायला बसले. शनिवारी संध्याकाळी पाच ते सात बागेच्या फाटकाशी थांबून येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कुठून आलात? आमच्या चार गल्ल्यांतून दोन तासांत फक्त तीन माणसं आली, तिन्ही तरणे पुरुष. लहान मूल नाही, म्हातारं माणूस नाही. टिकलीताईंसाठी सांगते, स्वच्छतागृह बंदच होतं. किल्ली पहारेकऱ्याकडे आहे, मागितली तर देतो. पण मागायला किती बायका जातील?

मग आईच्या वेगानं वाट मोजली. हमरस्त्यापर्यंत ती दोनदा थांबते, दोन्ही वेळा बंद दुकानाच्या पायरीवर. त्या दोन जागांवर खडूनं खूण करून आले.

माळीकाका

फार चांगलं केलंत. ही मोजणी अर्जाला जोडा. 'आमची मागणी आहे' या वाक्यानं फाइल हलत नाही, आकड्यांनी हलते.

आता एक काम करा. बागेच्या आत जाऊन तुमच्या गल्लीकडच्या भिंतीला लागून चाला आणि भिंत नीट बघा. जुन्या बागांना एकापेक्षा जास्त दारं असायची, पुढं माणसं कमी झाली की बुजवायचे. विटेचा रंग वेगळा दिसेल, किंवा गिलाव्यात उभी रेघ. दार आधी होतं हे दाखवता आलं तर नवीन काम म्हणून मंजुरी घ्यावी लागत नाही, जुनं पूर्ववत करा एवढंच म्हणायचं.

चाफेकळी

आता मला राहवत नाहीये. लवकर जाऊन बघा हो!

पायवाट

काका, तुमच्या पाया पडते. आहे!

कर्दळीच्या वाफ्यामागं, वर कमानीचा अर्धा दगड दिसतो. खाली दोन हात रुंदीचा भाग, तिथल्या विटा लालसर आणि बाकीची भिंत दगडी. आतल्या बाजूनं पायवाट थेट तिथपर्यंत येते आणि भिंतीला डोकं आपटून थांबते. इतकी वर्षं मुलांचा चेंडू याच जागेवरून पलीकडे जात होता.

गल्लीतल्या ८१ वर्षांच्या आजोबांना विचारलं. म्हणाले, दार होतं, आम्ही त्यातूनच जायचो. मग मुलं आतून दुचाक्या घालायला लागली, एका बाईला धक्का लागून हात मोडला, तेव्हा गल्लीनंच अर्ज करून बुजवून घेतलं. म्हणजे आमच्याच मागच्या पिढीनं.

निवांत

बघा, कारण होतंच काहीतरी.

पायवाट

होतं ना, ताई. आणि ते कारण अजूनही तितकंच खरं आहे, म्हणून तुम्हालाच विचारते. दुचाकी शिरणार नाही पण चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जाईल असं फाटक कसं करायचं?

गणिती

दोन आडवे कठडे एकमेकांआड लावतात, मधून वळण घेत जावं लागतं. अंतर प्रत्यक्ष चाकाची खुर्ची आणून ठरवा, कागदावर नको. खुर्ची वळली पाहिजे, दुचाकी अडली पाहिजे. तेवढ्यासाठी एक तास द्या. आणि दारात पायरी नको, उतार हवा.

निवांत

गल्लीच्या तोंडाशी खांब, त्यातला मधला काढता येणारा, त्याची किल्ली गल्लीतल्या दोन घरांत. फाटक सकाळी सहाच्या आधी नाही. एवढं अर्जात लिहिणार असाल तर तुमच्या अर्जाचा मसुदा मी बघून देते, मला पालिकेच्या पत्रव्यवहाराची सवय आहे. आमच्या गल्लीसाठीही तोच वापरेन. आमचं फाटक बंद व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं, रुग्णवाहिका आत यावी एवढंच वाटत होतं.

टिकली

मसुद्यात स्वच्छतागृह दिवसभर उघडं ही ओळ घाला. किल्ली मागावी लागणार नाही असं स्पष्ट लिहा.

सावली

आणि दुपारचा सावलीचा पट्टा. माळीकाकांचं कमरेइतकं कुंपण.

मैदानी

आमच्याकडे भिंतही नाही, दारही नाही. पण शाळेच्या पटांगणासाठी मुख्याध्यापकांना भेटायला चौघं सोमवारी जातोय. दोन संध्याकाळी मुलींसाठी, हे पहिल्या पानावर लिहिलंय. काय होतं ते इथंच कळवतो.

पायवाट

सगळं घातलं. रविवारी सकाळी सातला टेप आणि शेजारच्या काकूंची चाकाची खुर्ची घेऊन त्या बुजवलेल्या दाराशी जातोय, कठड्यांचं अंतर ठरवायला. आई म्हणाली मीही येते. वाटेत दोनदा बसायला घरातलं स्टूल मुलानं उचलायचं ठरलंय.